कोळंबीची टरफलं, शेवाळ आणि माशाची कातडी: ऊती वाढवायच्या तर हायड्रोजेलमध्ये काय बदलायचं?

प्रश्न: मी रत्नागिरीत जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी मिरकरवाड्याहून आणलेल्या कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान काढलं, ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवलं आणि ग्लुटराल्डिहाइड घालून त्याचं जेल केलं. त्यावर टाकलेल्या पेशी दोन दिवसांत मरतात. सरगॅसम शेवाळापासून अल्जिनेटही काढलं. त्यात पेशी मरत नाहीत, पण नुसत्या गोल होऊन पडून राहतात. प्रयोगशाळेत ऊती वाढवायच्या तर या जेलमध्ये काय बदल करावेत? कच्चा माल शक्यतो इथलाच वापरायचा आहे.

उत्तर:

तुमच्या दोन्ही अडचणी दिसायला जुळ्या आहेत, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिल्या जेलमध्ये पेशी मरतात त्या बहुधा कायटोसानने नाहीत, त्यात मागे राहिलेल्या रसायनांनी. दुसऱ्यात त्या गोल पडून आहेत, तो अल्जिनेटचा स्वभाव आहे, आणि काही ऊतींच्या बाबतीत तो चक्क फायद्याचा ठरतो. म्हणून ‘जेलमध्ये काय बदलू’ याच्या आधी ‘कोणती ऊती’ हे ठरवायला हवं. तुमच्या प्रश्नात टरफलं आहेत, शेवाळ आहे, बंदराचं नावसुद्धा आहे. ऊतीचं नाव मात्र कुठेच नाही. किनाऱ्यावरच्या कॉलेजांतले प्रकल्प बरेचदा असेच सुरू होतात: माल हाताशी आहे, तर त्याचं काहीतरी करू. पेशीला मालाचं कौतुक नसतं.

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारं लांबलचक रेणूंचं जाळं. कल्पना जुनी आहे. 1960 मध्ये विख्टर्ले आणि लिम या चेक शास्त्रज्ञांनी शरीरात वापरता येतील अशा जेलवर लेख लिहिला आणि त्याच पदार्थातून पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. पेशींच्या संदर्भात या जाळ्याची आस, म्हणजे त्यातली छिद्रं, केवढी, हे आधी डोक्यात बसवा. मासेमारीत आस बदलून कोणता मासा अडकेल आणि कोणता निसटेल हे ठरवतात. इथेही तेच आहे, फक्त प्रमाण फार विचित्र आहे. जेलची आस साधारण काही नॅनोमीटरपासून शंभरेक नॅनोमीटरपर्यंत असते आणि पेशी 10 ते 20 मायक्रोमीटरची. म्हणजे आस पेशीपेक्षा शेकडो ते हजारो पट लहान. ऑक्सिजन आणि ग्लुकोज त्यातून बिनदिक्कत ये-जा करतात, मोठी प्रथिनं रेंगाळतात, आणि पेशी मात्र जिथे अडकली तिथेच राहते. तिला पसरायचं असेल, हलायचं असेल, शेजारणीला भेटायचं असेल तर ते जाळं तिला कापता तरी यायला हवं किंवा ढकलून बाजूला तरी सारता यायला हवं. जेलमधले बहुतेक बदल शेवटी यासाठीच असतात. पेशीला धरायला काहीतरी द्यायचं, जाळं तिच्या ऊतीइतकं मऊ किंवा ताठ करायचं, आणि तिने स्वतःचं बांधकाम केलं की आपलं जाळं वेळेवर नाहीसं व्हावं याची सोय करायची.

आता कायटोसान. ग्लुटराल्डिहाइड ज्या अमाइन गटांना बांधतं, ते गट पेशीच्या प्रथिनांवरही असतात. इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला हेच रसायन वापरतात, एवढं सांगितलं तरी पुरे. जेलमध्ये न बांधलं गेलेलं ग्लुटराल्डिहाइड झिरपत राहतं, आणि एकदोनदा धुऊन ते जात नाही. प्रकल्पातून ते काढूनच टाका. बांधणीसाठी जेनिपिन हा पुष्कळ सौम्य पर्याय आहे. त्याने जेल गडद निळं होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच चमकतं, त्यामुळे चमकणारे रंग वापरून पेशी मोजायच्या असतील तर डोकेदुखी होते. शिवाय ते महाग आहे.

दुसरा संशयित ॲसिड. कायटोसान साधारण 6.3 ते 6.5 पीएचच्या वर विरघळलेलं राहत नाही, म्हणून तुम्हाला ॲसिटिक ॲसिड घ्यावं लागलं. ते जेलमध्ये किती उरलंय हे पाहायला पेशी खर्च करायची गरज नाही. फिनॉल रेड (आम्ल वाढलं की पिवळा होणारा रंग) असलेल्या पेशींच्या माध्यमात जेलचा तुकडा टाका, शेजारी जेलशिवायचं तेच माध्यम ठेवा आणि दोन्ही रात्रभर कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरमध्ये 37 अंश सेल्सिअसला राहू द्या. सकाळी जेलवालं माध्यम पिवळं दिसलं, तर धुणं अपुरं आहे. ॲसिडची कटकटच नको असेल तर कार्बोक्सिमिथाइल कायटोसान करता येतं, ते साध्या पाण्यातही विरघळतं. 2000 साली बीटा-ग्लिसरोफॉस्फेट मिसळून अंगाच्या उष्णतेला घट्ट होणारं कायटोसानही लोकांसमोर आलं. थंड असताना द्रव, 37 अंशांना जेल. ऐकायला मोहक आहे, पण त्या क्षाराचं प्रमाण वाढलं की पेशींना मिठाचा ताण बसतो.

टरफलांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथला माल वापरायची तुमची अट आहे आणि खरी मेहनत तिथेच आहे. सुक्या टरफलात कायटिन या लांब शर्करासाखळीखेरीज कॅल्शियम कार्बोनेट आणि प्रथिनं भरपूर असतात. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना जातो, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिनं जातात आणि मग 40 ते 50 टक्के गरम कॉस्टिकमध्ये कायटिनचे ॲसिटाइल गट काढले की कायटोसान मिळतं. हे तुम्ही केलंच असेल. प्रश्न असा की किती गट निघाले? 75 टक्के निघालेलं कायटोसान आणि 95 टक्के निघालेलं कायटोसान हे पेशीच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. शरीरातलं लायसोझाइम हे एन्झाइम ॲसिटाइल गट शोधून साखळी तोडतं. गट फारच कमी उरले तर जेल महिनोन्‌महिने तसंच राहतं. म्हणून प्रत्येक घाण्याचं टायट्रेशन किंवा इन्फ्रारेड मोजमाप करा आणि चिकटपणा मोजून साखळीच्या लांबीचा अंदाज घ्या. हे आकडे नसलेलं ‘रत्नागिरीच्या कोळंबीचं कायटोसान’ दुसऱ्या कुणाला पुन्हा करून पाहता येणार नाही.

यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे एंडोटॉक्सिन. बंदरावर उन्हात पडलेल्या टरफलांवर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू भराभर वाढतात. त्यांच्या भिंतीचे तुकडे म्हणजे एंडोटॉक्सिन. जिवाणू मेले तरी हे तुकडे राहतात, आणि ऑटोक्लेव्हने ते जात नाहीत. त्यांच्यावर ऋण भार, कायटोसानवर धन भार, म्हणजे दोघं एकमेकांना चिकटून बसतात. सुदैवाने तीव्र गरम कॉस्टिक त्यांची वाट लावतं. म्हणून घात होतो तो त्यानंतर: शुद्ध झालेलं कायटोसान आपण विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने मनसोक्त धुतो आणि काढलेलं सगळं परत आत घालतो. कॉस्टिकनंतरचं प्रत्येक धुणं एंडोटॉक्सिनमुक्त पाण्याने करा. काचेची भांडी ओव्हनमध्ये 250 अंशांना निदान अर्धा तास कोरडी तापवा. वैद्यकीय उपकरणाच्या अर्काला अमेरिकेत प्रति मिलिलिटर 0.5 एंडोटॉक्सिन एकक ही मर्यादा धरतात. तुमचा प्रकल्प रुग्णापर्यंत जाणार नसला तरी हा आकडा समोर ठेवा, कारण काही पेशी याहून कमी एंडोटॉक्सिनलाही प्रतिसाद देतात आणि आपण ते जेलचं श्रेय समजून बसतो. कायटोसान एंडोटॉक्सिन मोजायच्या चाचणीतही लुडबुड करतं. म्हणून नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते पूर्ण मोजलं जातंय का, हे आधी पाहावं लागतं.

आणखी एक. कोळंबी काळी पडू नये म्हणून तिच्यावर सोडियम मेटाबायसल्फाइट मारण्याची पद्धत आहे. प्रक्रिया कारखान्यातून टरफलं घेणार असाल तर हे विचारून घ्या. धुऊन जातं ते, पण आपल्याला माहीत असलेलं बरं.

इतकं सगळं सांगून माझं मत असं की पहिल्या प्रकल्पात कायटोसानला मुख्य जेल करू नका. त्याला शुद्ध करण्यातच वर्ष जाईल आणि ऊतीपर्यंत तुम्ही पोचणार नाही.

अल्जिनेटकडे येते. हे तपकिरी शेवाळाच्या भिंतीतलं, मॅन्युरोनिक आणि गुलुरोनिक या दोन आम्लांच्या साखळीचं. कॅल्शियम आलं की गुलुरोनिकचे पट्टे एकमेकांना बिलगतात आणि जेल होतं. उष्णता नको, ॲसिड नको. पेशी मिसळून बांधता येईल अशी याहून सौम्य पद्धत मला तरी ठाऊक नाही. पण आपल्या पेशींकडे अल्जिनेट ओळखून धरणारी प्रथिनंच (ग्राहक) नाहीत, आणि त्यावर रक्तद्रवातली प्रथिनंही फारशी चिकटत नाहीत. म्हणून पेशी जिवंत आहेत, पण धरायला काही नाही, म्हणून गोल.

तुम्ही ड्रॉपरने कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडले असणार. त्याने बाहेरचं कवच ताठ आणि गाभा ढिला अशी गोळी होते. कॅल्शियम आत पोचायच्या आत बाहेर बांधकाम संपतं. एकसारखं जेल हवं असेल तर बारीक कॅल्शियम कार्बोनेट मिसळा आणि ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन घाला. ते पाण्यात हळूहळू आम्ल सोडतं, आम्ल कार्बोनेटमधून कॅल्शियम सोडवतं, आणि सगळीकडे एकाच वेळी जेल बसतं. कार्बोनेटच्या एका मोलला लॅक्टोनचे दोन मोल घेतले की पीएच उदासीनच्या आसपास राहतो. आणि ते जेल फॉस्फेट बफरने धुऊ नका. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, सोडियम त्याची जागा बळकावतं आणि आठवड्याभरात जेल फुगून पिचपिचीत होतं. थोडं कॅल्शियम घातलेलं सलाइन वापरा, बफर हवाच असेल तर हेपेस. विद्यार्थी ‘जेल टिकत नाही’ म्हणून येतात तेव्हा मी पहिल्यांदा धुण्याची बाटली बघते.

पकड द्यायची प्रसिद्ध युक्ती म्हणजे आरजीडी. फायब्रोनेक्टिन या प्रथिनात पेशी नेमकी आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तिघांच्या क्रमाला धरते, हे 1984 मध्ये पिअर्शबाखर आणि रुओस्लाती यांनी दाखवलं. 1999 मध्ये मूनी यांच्या गटाने हाच छोटा पेप्टाइड (अमिनो आम्लांची आखूड साखळी) कार्बोडायमाइड रसायनाने अल्जिनेटच्या साखळीला जोडला आणि स्नायूपेशी त्यावर पसरल्या. पद्धत कॉलेजातही जमेल अशी आहे: साधारण 6.5 पीएचचा एमईएस बफर, ईडीसी आणि सल्फो-एनएचएस ही जोडणी करणारी रसायनं, पेप्टाइड, मग काही दिवस डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीतून सुटे लहान रेणू पाण्यात जाऊ देणं) आणि शेवटी फ्रीज ड्रायिंग. खर्च पेप्टाइडचा. त्याचा स्वस्त पर्याय तुमच्या बंदरावरच आहे, त्याकडे येतेच.

ताठरपणाबद्दल एक नोंद. 2006 मध्ये एंग्लर आणि डिशर यांच्या गटाने दाखवलं की एकाच प्रकारच्या मूळपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे 0.1 ते 1 किलोपास्कलवर (हे ताठरपणाचं एकक), चेतापेशींसारख्या होऊ लागतात. 8 ते 17 वर स्नायूंकडे झुकतात आणि 25 ते 40 वर हाडाकडे. लोकांनी यातून ‘योग्य आकडा गाठला की झालं’ असा अर्थ काढला. तसं नाही. 2016 मध्ये चौधुरी आणि मूनी यांच्या गटाने अल्जिनेटच घेऊन दाखवलं की ताठरपणा तोच ठेवला, पण दाब आल्यावर जाळं किती लवकर सैल पडतं हे बदललं, तर पेशी पसरणं, वाढणं, हाडाकडे वळणं सगळं बदलतं. कॅल्शियमचे बंध सुटतात आणि पुन्हा जुळतात. आपण ज्याला अल्जिनेटचा कमकुवतपणा म्हणत होतो, तोच पेशीला हालचालीची जागा देतो. पक्के रासायनिक बंध असलेल्या जेलमध्ये ही मुभा नसते; तिथे जाळ्यात पेशीच्या कात्रीला, म्हणजे तिच्या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना, तुटणारे पेप्टाइड बसवावे लागतात.

सरगॅसमसंबंधी दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, हे शेवाळ आर्सेनिकसारखी मूलद्रव्यं आपल्यात साठवतं, आणि त्यात रंगीत पॉलिफिनॉलही बरेच असतात. ते पॉलिफिनॉल अडवून ठेवायला काढणीच्या जुन्या पद्धतींत फॉर्मलडिहाइड वापरतात. कापडाच्या छपाईला ते चालेल, पेशींना नाही. सौम्य ॲसिडची धुणी, सोडियम कार्बोनेटने काढणी, अल्कोहोलने साका, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा, असा रस्ता धरा. जड धातूंची तपासणी बाहेरून करून घ्या. दोन, मालवणचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून परवानगीशिवाय काही खरवडून आणू नका. प्रकल्प अहवालात नमुना कुठला, हे लिहावं लागतं, तेव्हा पंचाईत होते.

आता कातडी. सुरिमीसाठी जाणाऱ्या राणी माशाची कातडी आणि काटे रत्नागिरीत टाकाऊ म्हणून निघतात. त्या कातडीतून जिलेटिन निघतं, आणि जिलेटिन म्हणजे उलगडलेलं कोलॅजन: त्यात पेशीला धरायच्या जागाही आहेत आणि तिच्या कात्रीला तुटायच्या जागाही. डुक्कर-गायीच्या जिलेटिनवरून जे वाद उद्भवतात तेही इथे नाहीत. एकच उणीव आहे. गायी-डुकराचं जिलेटिन साधारण 30 अंशांच्या वर वितळतं, माशाचं त्याहूनही खाली, कारण माशाच्या कोलॅजनमध्ये प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन कमी असतात. इन्क्युबेटरमध्ये 37 अंशांना नुसतं जिलेटिन म्हणजे पाणीच. ते बांधायलाच हवं.

बांधायची आजची लोकप्रिय रीत म्हणजे जेलमा, मेथाक्रिलेट जोडलेलं जिलेटिन. 2000 सालापासून माहीत आहे. जिलेटिन 50 अंशांवर बफरमध्ये विरघळवून मेथाक्रिलिक ॲनहायड्राइड थेंब थेंब घालायचं, मग 40 अंशांच्या आसपास पाच ते सात दिवस डायलिसिस, फ्रीज ड्रायिंग, आणि वापरताना लॅप हा प्रकाशप्रारंभक (प्रकाश पडला की बांधणी सुरू करणारं रसायन) घालून 405 नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या प्रकाशात घट्ट करायचं. माशाच्या जेलमाचा एक सुखद गुण आपल्या हवामानात लगेच कळतो: पेशी मिसळताना ते नळीत गोठत नाही. पण त्याच कारणाने थ्री-डी प्रिंटरमधून त्याची रेघ उभी राहत नाही, पसरते. अडचणी दोन: अपुऱ्या डायलिसिसमुळे मेथाक्रिलिक आम्ल मागे राहतं आणि पेशी मरतात, आणि किती मेथाक्रिलेट जोडलं गेलं हे मोजायला एनएमआर हे रेणूंची रचना तपासणारं यंत्र लागतं. एनएमआर जवळ नसेल तर उरलेले अमाइन गट निनहायड्रिन किंवा टीएनबीएस या रंग देणाऱ्या रसायनांनी मोजून अंदाज येतो.

तुमच्यासाठी मात्र मी दुसरी वाट सुचवेन, आणि तिच्यात तुमचं शेवाळ आणि तुमची मासळी दोन्ही कामाला येतात. अल्जिनेटवर सोडियम पर-आयोडेटची अंधारात प्रक्रिया केली की त्याच्या काही कड्या उघडतात आणि ॲल्डिहाइड गट तयार होतात. हे ऑक्सिडीकृत अल्जिनेट जिलेटिनच्या अमाइन गटांशी आपण होऊन बांधलं जातं. बोरॅक्स थोडं घातलं की भराभर. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतून 2005 मध्ये यावर उत्तम काम प्रसिद्ध झालं. प्रकाश नको, प्रारंभक नको, ग्लुटराल्डिहाइड नको. ‘ॲल्डिहाइड इथेही आहेच की,’ असं तुम्ही म्हणाल. आहे, पण तो लांब साखळीला बांधलेला, पेशीत सहज शिरणारा सुटा रेणू नाही. तरी जास्त झाला तर त्रास देतोच. ऑक्सिडेशन वाढवलं की जेल लवकर बसतं, मात्र साखळ्या तुटून ते कमकुवत होतं. कमी ठेवलं तर जेल बसायला वेळ लागतो आणि तोवर पेशी तळाला जातात. ही रस्सीखेच हाच तुमच्या प्रकल्पाचा गाभा होऊ शकतो. उरलेलं पर-आयोडेट इथिलीन ग्लायकॉलने संपवा, मग डायलिसिस. शिवाय, सस्तन प्राण्यांकडे अल्जिनेट तोडणारं एन्झाइम नसतं; उघडलेल्या कड्या पाण्याने आपोआप तुटतात, म्हणजे जेल नाहीसं होण्याची सोयही त्यातच झाली.

ऊती कोणती? कूर्चा घ्या. त्वचा पातळ असल्यामुळे सोपी वाटते, आणि गायीच्या कोलॅजन जेलमध्ये माणसाच्या पेशी वाढवलेली ॲपलीग्राफ ही त्वचा अमेरिकेत 1998 मध्येच मान्य झाली. पण तिथे दोन प्रकारच्या पेशी, हवेशी संपर्क, थरांची शिस्त असा पसारा आहे. यकृत, स्नायू यांत रक्तवाहिन्यांचं कोडं. जिवंत ऊतीत बहुतेक पेशी केशवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रोमीटरच्या आत असतात, त्याहून जाड जेलमध्ये मध्यभाग उपाशी मरतो. कूर्चेला मुळातच रक्तवाहिन्या नाहीत. तिच्या पेशी कमी ऑक्सिजनवर संथ जगतात, आणि सपाट ताटलीत पसरल्या की आपला स्वभाव सोडून तंतुपेशींसारख्या वागायला लागतात. अल्जिनेटमध्ये गोल राहिल्या की पुन्हा दुसऱ्या प्रकारचं (टाइप टू) कोलॅजन आणि ॲग्रिकॅन ही कूर्चेची द्रव्यं बनवतात. तुम्ही जी तक्रार लिहिलीत, ती इथे हवी असलेली गोष्ट आहे. म्हणून जिलेटिनही बेतानेच घाला. सगळ्या पेशी पसरल्या तर कूर्चा हातची गेली.

पेशी मिळवायला माणसाकडे जायचं कारण नाही. मटणाच्या दुकानातून त्याच सकाळी कापलेल्या बोकडाचा न उघडलेला गुडघा घ्या, निर्जंतुक हूडखाली उघडा, कूर्चेचे पातळ काप काढून रात्रभर कोलॅजिनेजमध्ये ठेवा. मानवी पेशी घ्यायच्या झाल्या तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. जेलच्या अर्काची विषारीपणाची पहिली चाचणी, आयएसओ 10993 च्या पाचव्या भागात दिलेली, त्यासाठी उंदराच्या एल-929 पेशी चालतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे पेशींचं भांडार आहे, त्यांच्याकडे चौकशी करा.

मोजमापात फसगत होते ती रंगांत. कूर्चा झाली का हे पाहायला सगळे अल्शियन ब्लू किंवा सॅफ्रॅनिन-ओ लावतात. हे रंग आम्लधर्मी शर्करासाखळ्यांना धरतात, आणि अल्जिनेट स्वतःच तशी साखळी आहे. पेशी नसलेलं जेलही सुंदर निळं दिसतं! त्यामुळे प्रत्येक वेळी पेशीविरहित जेलचा तुकडा सोबत रंगवा, आणि निर्णय दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनच्या प्रतिपिंड-रंगावर घ्या. ग्लायकोसामिनोग्लायकन, म्हणजे कूर्चेतल्या शर्करासाखळ्या, मोजायच्या डीएमएमबी चाचणीतही हाच घोळ आहे. तिथे रंगद्रव्याचा पीएच बराच खाली, दीडच्या आसपास नेला की अल्जिनेटचा हस्तक्षेप कमी होतो. जिवंत पेशींचा अंदाज देणाऱ्या एमटीटी चाचणीत तयार झालेले जांभळे स्फटिक जेलमध्ये अडकून राहतात, म्हणून आधी सायट्रेटने जेल विरघळवण्याचा प्रयत्न करा. कॅल्शियमवर उभं असलेलं विरघळतं. ॲल्डिहाइडने बांधलेलं विरघळत नाही, तिथे कॅल्सिन आणि प्रॉपिडियम आयोडाइडचा जिवंत-मृत रंगच बरा. ताकद मोजताना भलती अपेक्षा ठेवू नका: गुडघ्याच्या कूर्चेचा ताठरपणा मेगापास्कलच्या घरात, साधारण 0.5 ते 1, आणि तुमचं जेल किलोपास्कलमध्ये. जेलने कूर्चेएवढं ताठ व्हायचं नाहीच. पेशींनी स्वतःचं द्रव्य घातल्यावर आकडा आठवड्यागणिक वाढतो का, एवढंच पाहायचं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी रिओमीटरवर (जेलचा ताठरपणा मोजणारं यंत्र) नमुने तपासून मिळतात का, हे तुमच्या मार्गदर्शकांकडून विचारून घ्या.

राहिलं इथलं वेळापत्रक. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून कातडी मेपूर्वी गोळा करून उणे 20 अंशांना ठेवा. शेवाळ पावसाळा ओसरल्यावर खडकांवर वाढू लागतं. दोन्हींचा एकच मोठा घाणा करा आणि अख्खा प्रकल्प त्यावरच चालवा. मध्येच घाणा बदलला की निकाल का बदलला ते कळत नाही. पावसात हवेत इतकी बुरशी असते की इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेकडे आठवड्याला लक्ष द्यावं लागतं. आणि लाइट. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इन्क्युबेटर बॅटरीवर काही तास निघेल, पेशींचा मूळ साठा मात्र द्रव नायट्रोजनमध्ये दोन वेगळ्या गावी ठेवा. चिपळूण किंवा कोल्हापूरच्या एखाद्या प्रयोगशाळेशी आत्ताच बोलून ठेवलंत तर मे महिन्यात धावपळ होणार नाही.